परत न आलेल्या मुलाची आई



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आईचा महिमा कुणाला नव्याने सांगावा लागत नाही. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मगाव. दर वर्षी १२ जानेवारीला तिथे लोटणारी गर्दी आपण पाहतो. जिजाऊंनी मुलाला घडवले आणि मुलाने आईचे नाव उजळले. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि सांगत राहिले पाहिजे.

परंतु आपल्याच गावात, आपल्याच धर्मग्रामात काही आया अशा असतात की, त्यांना ही गोष्ट ऐकताना मान खाली घालाविशी वाटते. मुलगा मोठा झाला, हाताबाहेर गेला. दारू, जुगार, कर्ज, वाईट संगत. रात्री दारावर थाप पडली की काळजात धस्स होते. कुणी विचारले की मुलगा सध्या कुठे असतो, तर काय सांगावे ते कळत नाही. आपण कुठे चुकलो, हा एकच प्रश्न मनात घोळत राहतो. आजचा लेख अशा आई-वडिलांसाठी आहे. तो एका अशा आईविषयी आहे की, तिला सारा देश बा म्हणून ओळखत होता, पण तिचा थोरला मुलगा अखेरपर्यंत तिच्याकडे परत आला नाही. ती आई म्हणजे कस्तुरबा गांधी.

कस्तुरबांच्या आयुष्याची शेवटची वर्षे विदर्भात, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला गेली. या सेवाग्रामचा आपल्या जिल्ह्याशी एक गमतीचा संबंध आहे. त्या खेड्याचे मूळ नाव सेगाव. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथे राहायला गेले आणि देशभरातून त्या खेड्याकडे पत्रांचा ओघ सुरू झाला. पण मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचे आपले शेगाव आधीपासून प्रसिद्ध. दोन्ही नावे इतकी सारखी की पत्रे चुकून आपल्याकडे येऊ लागली. हा घोटाळा थांबावा म्हणून १९४० साली सेगावचे सेवाग्राम झाले. तिथे जमनालाल बजाज यांनी कस्तुरबांसाठी बांधून दिलेली लहानशी बा कुटी आजही पाहायला मिळते. आपल्यापैकी कुणी सेवाग्रामला गेले असेल तर त्यांनी ती पाहिलीही असेल.

पहिले मूल गेले, दुसरे आले

कस्तुरबांचा जन्म ११ एप्रिल १८६९ रोजी पोरबंदरला झाला. वडील गोकुळदास कापडिया हे व्यापारी होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे कस्तुरबांना शाळेत घातले नाही आणि वयाच्या तेरा-चौदाव्या वर्षीच मोहनदास गांधींशी त्यांचे लग्न झाले. नवरा-बायको एकाच वयाची, दोघेही मुलेच. १८८५ साली पहिले मूल झाले आणि काही दिवसांतच गेले. त्यानंतर १८८८ मध्ये हरिलाल जन्मला. एक मूल गमावलेल्या आईने त्याला किती जिवाला जपले असेल, याची कल्पना करता येते.

हरिलाल काही महिन्यांचा असतानाच सप्टेंबर १८८८ मध्ये गांधीजी बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला गेले. १८९१ मध्ये परतले आणि १८९३ मध्ये पुन्हा दक्षिण आफ्रिकेला निघाले. अशा रीतीने हरिलालच्या पहिल्या आठ वर्षांतला बराच काळ वडील घरी नव्हते. राजकोटच्या मोठ्या कुटुंबात बांनी त्याला वाढवले. १८९७ च्या प्रारंभी सारे कुटुंब डर्बनच्या बंदरात उतरले, तेव्हा गोऱ्यांच्या जमावाने गांधीजींवर हल्ला केला. परक्या देशात मुलांच्या वाट्याला आलेला हा पहिला अनुभव.

मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न तिथेच सुरू झाला. गोऱ्यांच्या शाळेत गांधीजींच्या मुलांना खास बाब म्हणून प्रवेश मिळू शकला असता. पण जी सोय इतर हिंदी मुलांना नाही ती आपल्या मुलांना नको, असा गांधीजींचा निर्णय होता. ते मुलांना घरी शिकवीत, पण कामाच्या व्यापात त्यात खंड पडे. तत्त्व म्हणून तो निर्णय मोठा होता. परंतु शिकण्याची इच्छा असलेल्या मुलाच्या मनात त्याने एक सल ठेवला. पुढे हा सल वाढतच गेला.

धाकटे गांधी

१९०४ च्या सुमारास बा धाकट्या मुलांना घेऊन पुन्हा आफ्रिकेला गेल्या. हरिलाल शिक्षणासाठी मागे राहिला. १९०६ मध्ये राजकोटला त्याचे लग्न झाले. वधू म्हणजे गांधीजींचे मित्र हरिदास व्होरा यांची मुलगी गुलाब, घरात तिला चंचल म्हणत. इतक्या लवकर लग्न गांधीजींना पसंत नव्हते, पण हरिलालने ते केले. त्यानंतर तोही आफ्रिकेला गेला.

तिथला हरिलाल कुणालाही अभिमान वाटावा असा होता. १९०८ पासून १९११ पर्यंत सत्याग्रहात तो पुन्हा पुन्हा तुरुंगात गेला. लोक त्याला धाकटे गांधी म्हणू लागले. मुलगा तुरुंगात, नवरा तुरुंगात आणि फिनिक्सच्या आश्रमात बा सुनेला व तान्ह्या नातीला सांभाळत आहेत, असे ते दिवस होते.

त्याच काळात गांधीजींचे मित्र डॉ. प्राणजीवन मेहता यांनी एका तरुणाला इंग्लंडमध्ये शिकवण्याचा खर्च देऊ केला. आपली निवड होईल असे हरिलालला वाटले. गांधीजींनी मात्र ती संधी आधी आपल्या नात्यातल्या छगनलालला आणि नंतर सोराबजी अडाजानिया या पारशी तरुणाला दिली. आपल्या मुलाला झुकते माप द्यायचे नाही, हा त्यांचा नियम होता. आपण मुलगा असल्यामुळेच मागे राहिलो, असे हरिलालला वाटू लागले.

मे १९११ मध्ये एके दिवशी तो कुणाला न सांगता घरातून निघून गेला. शोधाशोध झाली आणि तो सापडला. पिता-पुत्र रात्रभर बोलत बसले आणि शेवटी वडिलांच्या संमतीने तो शिक्षणासाठी हिंदुस्थानात परतला. इथे त्याने मॅट्रिकची परीक्षा दिली, पण पुन्हा पुन्हा अपयश आले. वय वाढलेले, पदरात बायको-मुले आणि शाळकरी मुलांच्या बाकावर बसणे. ते फार दिवस चालणारे नव्हते.

इकडे बांवर दुसरेच संकट आले. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेतील न्यायालयाने ख्रिस्ती पद्धतीने नोंदवलेल्या लग्नांखेरीज इतर लग्ने कायदेशीर मानायला नकार दिला, तेव्हा स्त्रियाही सत्याग्रहात उतरल्या. बांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. पीटरमॅरिट्झबर्गच्या तुरुंगातून त्या बाहेर आल्या तेव्हा अंगात काही उरले नव्हते.

बाप आणि मुलगा यांच्यामध्ये

जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी आणि बा कायमचे मायदेशी आले. त्याच वर्षी हरिलालने वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले, ते छापून घेतले आणि नातेवाइकांत वाटले. आपले शिक्षण झाले नाही, आपले मत कधी विचारले नाही, अशा तक्रारी त्यात होत्या. आईने काढलेल्या हालांबद्दलही त्याने त्यात लिहिले होते.

बांची जागा इथे फार अवघड होती. मुलगा वडिलांविरुद्ध बोलतो, त्यात आईचे नाव घेतो. वडील आपल्या तत्त्वावर ठाम. पुष्कळ घरांत अशा वेळी आई एक बाजू धरते. एक तर नवऱ्याला चोरून मुलाला पाठीशी घालते, नाही तर नवऱ्याच्या रागात सामील होऊन मुलाला तोडते. बांनी यांपैकी काहीच केले नाही. नवऱ्याचा मार्ग त्यांनी सोडला नाही आणि मुलावरची माया लपवलीही नाही.

हरिलाल कलकत्त्याला गेला, नोकरी धरली. तिथे सट्ट्याचा नाद लागला आणि मालकाचे पैसे बुडाले. त्यातून सावरण्याआधीच १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. त्या साथीने आपल्या वऱ्हाडातही गावेच्या गावे ओस पाडली होती. साथीत चंचल गेली आणि त्यांचे सर्वांत धाकटे मूलही गेले. हरिलाल तेव्हा तिशीचा होता. त्याला घराशी बांधून ठेवणारा धागा म्हणजे चंचल, तोच तुटला. पुढे दारू वाढत गेली.

मागे चार मुले उरली : रामी, कांती, रसिक आणि मनु. साबरमतीच्या आश्रमात बांनी त्यांना जवळ घेतले. चंचलच्या बहिणीनेही या मुलांसाठी खूप केले. मुलगा ऐकत नव्हता, पण मुलाची मुले तर हाताशी होती. त्यांना वेळेवर खाऊ घालणे, आजारपणात उशाशी बसणे, लग्ने जमवणे हे सारे बांनी केले. फेब्रुवारी १९२९ मध्ये रसिक ऐन तारुण्यात दिल्लीला विषमज्वराने गेला, तेव्हा आजीच्या दुःखाला पारावार राहिला नाही. कांती पुढे डॉक्टर झाला. मनुचे लग्न अकोल्याच्या मशरूवाला घराण्यात झाले. याच घराण्यातील सुशीला मार्च १९२७ मध्ये अकोल्यात मणिलालशी, म्हणजे बांच्या दुसऱ्या मुलाशी, विवाहबद्ध झाली होती. म्हणजे हे घर आपल्या शेजारच्या जिल्ह्याशी सोयरिकीने जोडलेले होते.

व्यसनी माणसाच्या घरात सगळ्यांचे लक्ष त्या एकाच माणसाकडे लागलेले असते. तो आला का, तो शुद्धीवर आहे का, त्याने काय केले. त्या गडबडीत लहान मुलांकडे कुणी बघत नाही. बांनी मुलाच्या चुकांमुळे नातवंडांचे बालपण वाया जाऊ दिले नाही.

नाव विकत घेणारी संगत

हरिलालच्या मागे एक मोठे नाव होते आणि हेच नाव त्याच्यासाठी सापळा ठरले. कलकत्त्यात एक कंपनी निघाली, तिच्या संचालकांत त्याचे नाव होते. गांधींचा मुलगा म्हणून लोकांनी पैसे गुंतवले आणि ते बुडाले. लायलपूरच्या एका वकिलाने आपल्या अशिलाच्या वतीने गांधीजींना विचारणा केली. जून १९२५ मध्ये गांधीजींनी यंग इंडिया या आपल्या साप्ताहिकात जाहीरपणे लिहिले की, मुलाच्या व्यवहाराशी आपला संबंध नाही आणि केवळ आपले नाव पाहून कुणी त्याला पैसे देऊ नयेत. लोकांचे नुकसान टाळण्यासाठी हे आवश्यकच होते. परंतु ते वाचताना आईच्या मनाचे काय झाले असेल?

१९३५ मध्ये एक आशेचा किरण दिसला. हरिलाल सुधारण्याचे बोलू लागला आणि काही काळ वर्ध्याला आई-वडिलांजवळ येऊन राहिला. पण थोड्याच दिवसांत तो पुन्हा जुन्या वाटेला गेला. ज्यांच्या घरात व्यसन आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. सुटल्यासारखे वाटते आणि पुन्हा सुरू होते. त्या दुसऱ्या वेळचे दुःख पहिल्यापेक्षा मोठे असते.

एप्रिल १९३६ मध्ये तो नागपूरला आई-वडिलांना भेटला. निरनिराळ्या धर्मांचे प्रचारक आपल्या मागे लागले आहेत याची त्याला त्या वेळी मौज वाटत होती. गांधींचा मुलगा आपल्याकडे आला तर केवढी बातमी होईल, असा त्यांचा विचार. मे महिन्याच्या अखेरीस मुंबईत त्याने इस्लाम स्वीकारल्याचे जाहीर झाले आणि त्याचे नाव अब्दुल्ला ठेवले गेले. ठिकठिकाणी सभांत त्याला मिरवण्यात आले. त्याचे पिणे मात्र थांबले नाही. मद्रासमध्ये मध्यरात्री दारूच्या नशेत गैरवर्तन केल्याबद्दल पोलिसांनी त्याला पकडले आणि दुसऱ्या दिवशी त्याला दंड झाला. ही बातमी वर्तमानपत्रात आली.

इथे आपण ख्रिस्ती लोकांनीही थांबून विचार करावा. हरिलालला आपल्याकडे ओढू पाहणारे एकाच धर्माचे नव्हते. बुडणाऱ्या माणसाला कुणी हात देतो, तो त्याला वाचवण्यासाठी. त्याला आपल्या मिरवणुकीत उभे करण्यासाठी दिलेला हात त्याला वाचवत नाही. श्रद्धेचा बदल हा माणसाच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे. व्यसनाने खचलेल्या माणसाच्या बाबतीत आधी विचारायचे ते हेच की, त्याची दारू कशी सुटेल आणि तो शांत झोपेल कधी?

आईचे पत्र

तोपर्यंत बांनी मुलाविषयी जाहीरपणे काही म्हटले नव्हते. मद्रासची बातमी आल्यावर मात्र त्यांनी पत्र लिहवून घेतले आणि ते वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. बांचे शिक्षण झाले नव्हते, व्याख्याने देण्याची हौसही नव्हती. तरीही १९३६ सालचे ते पत्र आजही वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणते.

मुलाला त्यांनी सरळ सांगितले की, तुझ्या वागण्याने आम्हा म्हाताऱ्या आई-वडिलांना जगणे कठीण झाले आहे. सकाळी वर्तमानपत्र उघडण्याची भीती वाटते. रात्री झोप लागत नाही, तू कुठे असशील, काय खात असशील हेच मनात येते. तुझ्या मुलींनी आणि जावयांनी लोकांना तोंड कसे दाखवायचे, हेही त्यांनी विचारले. त्याच्या वागण्यावर त्यांनी पांघरूण घातले नाही. दंड झाला हेही लिहिले. पण त्याला मुलगा म्हणणे सोडले नाही.

मुलाला मिरवणाऱ्यांनाही त्या बोलल्या. अनेक विचारी मुसलमान मित्रांना हा प्रकार आवडलेला नाही, हे त्यांनी आवर्जून नोंदवले. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले त्यांना मात्र विचारले की, माझ्या मुलाला सुधारायचे सोडून त्याच्या दुबळेपणाचा तुम्ही उपयोग करता, हे देवाला आवडेल का? त्यांचा राग धर्मावर नव्हता. धर्माच्या नावाने एका आजारी माणसाचा जो खेळ झाला त्यावर होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हरिलाल आर्य समाजामार्फत पुन्हा हिंदू धर्मात आला. आईच्या शब्दाचा तो परिणाम होता असे सांगतात. पण दारू सुटली नाही.

कटनी स्टेशनवरचे संत्रे

सोबत असलेल्यांनी सांगितलेली एक आठवण आहे. गांधीजी आणि बा जबलपूरच्या बाजूने रेल्वेने जात होते. कटनी स्टेशनवर नेहमीप्रमाणे गर्दी झाली आणि गांधीजींचा जयजयकार सुरू झाला. त्या आवाजात एक वेगळा आवाज आला, तो कस्तुरबांचा जयजयकार करीत होता. बांनी खिडकीतून पाहिले तर समोर हरिलाल. कपडे फाटके, पुढचे दात पडलेले, देह पार थकलेला. त्याने खिशातून एक संत्रे काढले आणि आईच्या हातात ठेवले. ते त्याने मागून मिळवले होते.

माझ्यासाठी काय आणलेस, असे गांधीजींनी विचारले. तुमच्यासाठी काही नाही, हे फक्त बासाठी आहे, असे तो म्हणाला. तुम्ही जे मोठे झालात ते बांमुळे, हे विसरू नका, असेही त्याने सुनावले. संत्रे तू स्वतःच खा, असा आग्रह त्याने आईला केला. आई म्हणाली की आमच्याबरोबर चल. आता ती वेळ निघून गेली, असे त्याचे उत्तर होते.

गाडी सुटली. मग बांच्या लक्षात आले की, मुलाला आपण काहीच दिले नाही, तो तर उपाशी असेल. टोपलीत फळे होती, ती घाईने काढली, पण तोवर तो गर्दीत मागे पडला होता.

जगात कुठल्याही आईला हे समजेल. मुलगा पन्नाशीकडे झुकलेला असो, त्याने कितीही मान खाली घालायला लावलेली असो, तिच्या मनात येणारा प्रश्न एकच असतो : तो जेवला असेल का?

शेवटचे दिवस

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गांधीजींना अटक झाली. त्याच दिवशी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत बा बोलणार होत्या, त्यांनाही पकडले. पुढे दोघांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. गांधीजींचे सचिव महादेव देसाई १५ ऑगस्टला तिथेच वारले. बांची प्रकृती खालावत गेली. छातीचा विकार आणि हृदयाचे दुखणे यांनी त्या अंथरुणाला खिळल्या.

फेब्रुवारी १९४४ मध्ये शेवट जवळ आला. बांना हरिलालला भेटायचे होते. सरकारने त्याचा शोध घेतला आणि तो आला. आईला फार बरे वाटले. पण त्याला एकाच भेटीची परवानगी आहे, असे कळल्यावर त्या रागावल्या. धाकटा देवदास रोज येऊ शकतो आणि हरिलाल एकदाच, दोघे भाऊच ना, मग हा भेद का, असे त्यांचे म्हणणे. मग रोज येण्याची परवानगी मिळाली, तर हरिलालचाच पत्ता लागेना.

शेवटी त्याला शोधून आणले तेव्हा तो नशेत होता. मरणाच्या दारात असलेल्या आईने ते पाहिले आणि दुःखाने स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतले. त्याला तिथून बाहेर न्यावे लागले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी महाशिवरात्रीच्या संध्याकाळी बांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. वय होते ७४. दुसऱ्या दिवशी त्याच आवारात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. महादेवभाईंच्या समाधीशेजारी त्यांची समाधी आहे.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १८ जून १९४८ रोजी हरिलाल मुंबईत क्षयाने वारला. वय साठ. पिता-पुत्रांच्या या कहाणीवर अजित दळवी यांनी लिहिलेले गांधी विरुद्ध गांधी हे नाटक मराठी रंगभूमीवर गाजले, २००७ साली हिंदी चित्रपटही आला. पण त्या दोघांच्या मध्ये उभी असलेली आई मात्र आपल्या फारशी लक्षात राहत नाही.

मोनिका आणि कस्तुरबा

आपल्या ख्रिस्तसभेत दर वर्षी २७ ऑगस्टला संत मोनिकेचा सण येतो. उत्तर आफ्रिकेतील या आईचा मुलगा ऑगस्टीन तरुणपणी भरकटला. ती त्याच्यामागे कार्थेजहून मिलानपर्यंत गेली, वर्षानुवर्षे रडली. अखेर ३८७ साली ईस्टरच्या वेळी संत अँब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. आईने तो दिवस पाहिला आणि त्याच वर्षी तिने देह ठेवला. भरकटलेल्या मुलांच्या आयांना आपण मोनिकेचे उदाहरण देतो. उधळ्या पुत्राचा दाखलाही सांगतो. त्यातही मुलगा परत येतो.

पण आपल्या धर्मग्रामात अशाही आया आहेत की, ज्यांनी मोनिकेइतक्याच प्रार्थना केल्या आणि मुलगा परत आला नाही. त्यांना वाटते की आपली प्रार्थना कमी पडली, आपली माया कमी पडली. त्यांनी कस्तुरबांकडे पाहावे. बांची माया कमी नव्हती. मूल मोठे झाले की त्याचे पाय त्याचे असतात. आई-वडील दार उघडे ठेवू शकतात, दिवा लावून ठेवू शकतात. उंबरठा ओलांडून आत येणे हे मुलाचेच काम असते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बापही मुलाला ओढून आणायला दूर देशी गेला नाही. तो वाटेकडे डोळे लावून बसला. मुलगा आला म्हणून तो चांगला बाप ठरला असे नाही. मुलगा आला नसता तरी तो चांगलाच बाप होता.

बांकडून घेण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. त्यांनी मुलाच्या वागण्याला चांगले म्हटले नाही आणि त्याला परका म्हटले नाही. जे त्याचा गैरफायदा घेत होते त्यांना ठणकावले. नातवंडांना सांभाळले. अखेरच्या आठवड्यातही दोन मुलांत भेद होऊ दिला नाही. हे सारे करूनही मुलगा सुधारला नाही, म्हणून यातले काहीच वाया गेले असे कुणी म्हणणार नाही. रामी, कांती आणि मनु यांना मोठे होताना आजी मिळाली, ही काय लहान गोष्ट आहे?

एक फरक मात्र लक्षात घेतला पाहिजे. बांच्या काळी व्यसन म्हणजे वाईट चाल किंवा दुबळे मन असेच समजत. उपदेश, शपथ, वचन यापलीकडे कुणाकडे इलाज नव्हता. हरिलाल वर्ध्याला आला त्याच १९३५ साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ सुरू झाली. दारूतून सुटू पाहणारी माणसे एकमेकांना भेटतात, नाव न सांगता आपली कहाणी सांगतात आणि एकेक दिवस न पिता काढतात. १९५१ मध्ये व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल्-अॅनॉन हा वेगळा गट निघाला, कारण घरच्यांनाही आधार लागतो हे लक्षात आले. १९५६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने दारूचे व्यसन हा आजार असल्याचे मान्य केले. आपल्या महाराष्ट्रात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथे रुग्णाबरोबर त्याच्या बायकोला, आई-वडिलांनाही समजून घेतले जाते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा मराठीतूनही होतात. पुष्कळ गावांत त्या चर्चच्या आवारातल्या एखाद्या खोलीत भरतात. बांना जे मिळाले नाही ते आपल्याला मिळू शकते. तेव्हा लाजून घरात बसू नये. डॉक्टरांकडे जावे, चौकशी करावी. घरात मारहाण होत असेल तर आधी स्वतःला आणि लहान मुलांना सुरक्षित ठेवावे. दार उघडे ठेवणे म्हणजे मार खात राहणे नव्हे आणि दारूसाठी पैसे देत राहणेही नव्हे.

आणि आपण बाकीचे? आपल्या शेजारी अशी एखादी आई असेल. मिस्सानंतर ती घाईने निघून जाते, कारण कुणी मुलाविषयी विचारील अशी तिला भीती वाटते. तिच्या घरी जावे. उपदेश करू नये, आपल्या मुलांच्या यशाच्या गोष्टी सांगू नयेत. चहा घ्यावा, थोडे बसावे, तिच्या नातवंडांच्या अभ्यासाची विचारपूस करावी. तिचा मुलगा रस्त्यात भेटला तर तोंड फिरवू नये. त्याला नावाने हाक मारावी आणि जेवला का, एवढे विचारावे.